शिवनेच्या पाण्यातील कीटक आणि शेतातील कीटकनाशके

शिवना ही बारमाही नदी नव्हे. उत्तरेकडील डोंगररांगांतून निघून कन्नड, वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांची काळी माती धूत ती लासूरजवळून जाते व पुढे गोदावरीला, म्हणजे आताच्या नाथसागराला मिळते. आषाढात तिला पहिले पाणी येते, आश्विनापर्यंत ती वाहते आणि थंडी संपता संपता तिची डबकी होतात. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून पायवाटा पडतात. तरीही या चार-पाच महिन्यांच्या पाण्यात एक संपूर्ण जीवसृष्टी जन्मते, वाढते, पंख फुटून उडून जाते किंवा वाळूत अंडी ठेवून संपते. प्रस्तुत पाठाचा विषय ही सृष्टी आहे. आणि त्याच चार-पाच महिन्यांत काठावरच्या कपाशीवर, मक्यावर व कांद्यावर जी फवारणी होते, तिचा या सृष्टीवर काय परिणाम होतो, हा आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी आपल्या परंपरेतील एका लहानशा वस्तूचे स्मरण करणे आम्हांस आवश्यक वाटते. भिक्षूजवळ असावयाच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई व कमरपट्टा यांच्या जोडीला आठवी वस्तू आहे ती परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र. विनयाच्या नियमांत, पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असूनही ते पाणी वापरणाऱ्या भिक्षूस दोष सांगितला आहे. तसेच जीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर किंवा मातीवर ओतणे हाही दोषच मानला आहे. हा नियम स्वतःचे पोट सांभाळण्यासाठी केलेला नाही. गाळणीत अडकलेला जीव पुन्हा पाण्यात जावा, ही त्यामागची दृष्टी आहे. आपल्याजवळच्या वेरूळच्या बौद्ध लेण्यांत जे भिक्षू राहिले, त्यांनाही हाच विनय लागू होता. पावसाळ्यातील डबक्याचे पाणी वस्त्रातून गाळताना त्यांच्या वस्त्रावर काय काय राहत असेल, हे पाहावयाचे असेल तर आजही पिठाची चाळण घेऊन शिवनेच्या काठी जाता येते.

चाळणीत पहिल्यांदा येईल ते पालापाचोळा आणि वाळू. पांढऱ्या ताटात थोडे पाणी घालून ते ओतावे व दोन मिनिटे स्वस्थ बसावे. मग काडी चालू लागते, वाळूचा खडा सरकू लागतो.

शेपटीला तीन बारीक धागे असलेला, चपटा, चपळ जीव दिसला तर ते मे-माशीचे पिल्लू समजावे. पोटाच्या दोन्ही बाजूंस पानांसारखे कल्ले असतात आणि ते अखंड हलत असतात. तो त्याचा श्वास होय. दगडावरील शेवाळ खरवडून खाणे हा याचा उद्योग. महिनोन्‌महिने पाण्यात काढून तो एका संध्याकाळी वर येतो, कात टाकतो, पंख पसरतो आणि आश्चर्य असे की पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकतो. कीटकांच्या साऱ्या राज्यात पंख आल्यावर कात टाकणारा हा एकच गट आज जिवंत आहे. प्रौढ मे-माशीचे तोंड निकामी असते. ती काही खात नाही. काही तास, फार तर एक-दोन दिवस जगून, अंडी घालून ती मरते. पाण्याजवळच्या दिव्याखाली सकाळी जे नाजूक, पारदर्शक पंखांचे थर पडलेले असतात, त्यांत पुष्कळदा यांचा वाटा असतो.

सरकणारा वाळूचा खडा म्हणजे कॅडिस माशीची अळी. ती आपल्या तोंडातून रेशीम काढते आणि वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळी बांधते. याच कुळातील काही जाती घर बांधण्याऐवजी दोन दगडांच्या फटीत रेशमाचे जाळे ताणतात आणि प्रवाहातून येणारे कण त्यात गाळून खातात. परिस्सावनाचा शोध माणसाच्या कितीतरी आधी या अळीने लावला होता, असे म्हणावयास हरकत नाही!

चतुर आणि टाचणी यांची ओळख करून देण्याची गरज नाही. आमच्या वसतिगृहातील लहान मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. पण हे हेलिकॉप्टर आपले बालपण पाण्याच्या तळाशी घालवते, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. चतुराचे पिल्लू दिसावयास ओबडधोबड. परंतु त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो झटक्यात पुढे येतो व डासाची अळी पकडून तोंडाशी आणतो. संकट आले की हे पिल्लू पोटात घेतलेले पाणी मागून जोराने सोडते आणि त्या धक्क्याने पुढे झेपावते. भाद्रपद-आश्विनात आपल्या शेतांवर थव्यांनी घिरट्या घालणारे पिवळसर चतुर तर जगप्रवासी आहेत. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत त्यांची पिल्ले दीड-दोन महिन्यांत वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे चतुर वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडतात व पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचतात, असे प्रतिपादन चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधील निरीक्षणांवरून २००९ साली केले. शिवनेच्या पात्रातील एखाद्या डबक्याचा संबंध असा आफ्रिकेशी जोडलेला असू शकतो.

याशिवाय पाण्याच्या पृष्ठभागावर लांब पायांनी सरकणारे कीटक आहेत, पाणभुंगेरे आहेत, आणि तळाच्या गाळात राहणाऱ्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या आहेत. या लाल अळ्या लक्षात ठेवाव्यात. त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता शेताकडे वळू. आपल्या भागात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. ‘औषध मारले’, ‘औषधाचा डबा’, ‘औषधवाल्याकडे उधारी आहे’ असेच शब्द घरोघरी ऐकू येतात. शब्दाने पदार्थाचा स्वभाव बदलत नाही, पण माणसाची सावधगिरी मात्र कमी होते. २००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हा फवारणी कमी होईल अशी आशा होती. बोंडअळीपुरती ती काही वर्षे खरीही ठरली. तथापि मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर बीटीचा उपाय चालत नाही. पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे फार मोठे नुकसान झाले. पंप पुन्हा पाठीवर चढले. खरे तर विष पेरणीपासूनच शेतात असते. कपाशीच्या पाकिटातील बियाण्याला जो रंग दिसतो, तो सामान्यतः बियाण्यावर केलेल्या कीटकनाशकाच्या प्रक्रियेचा असतो. त्यातील थोडाच अंश रोपात जातो. उरलेला मातीत राहतो.

शेतातील विष ओढ्यात कसे येते? तीन वाटा आहेत. फवारा वाऱ्याने उडतो, ही पहिली. पंप, बादल्या आणि रिकामे डबे ओढ्यावर धुतले जातात, ही दुसरी. आणि आमच्या मते ही सर्वांत लाजिरवाणी, कारण ती टाळण्यास एक पैही लागत नाही. तिसरी वाट पावसाची. फवारणीनंतर एक-दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला की वाफ्या-सरींतून धावणारे गढूळ पाणी नाल्यात आणि नाल्यातून नदीत उतरते. विषाची ही लाट काही तासांत पुढे निघून जाते. दुसऱ्या दिवशी कोणी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवले तर त्यात फारसे काही सापडणारही नाही. परंतु त्या काही तासांत जो जीव पाण्यात होता, त्याच्या शरीरात त्या लाटेची नोंद होऊन राहते. बाटलीतले पाणी त्या क्षणापुरते बोलते. दगडाखालचा कीटक मात्र मागच्या दोन महिन्यांची साक्ष देतो.

ही नोंद कशी होते, हे कीटकनाशकांच्या प्रकारावर अवलंबून असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषे मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे एक विकर निकामी करतात. संदेश थांबत नाही, स्नायू कंप पावत राहतात आणि अखेर श्वास बंद पडतो. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड विषे मज्जातंतूतील सोडियमचे दार उघडेच ठेवतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मातीच्या कणांना चिकटून तळाला बसतात आणि तळाशी राहणाऱ्या जीवांना गाठतात. माशांनाही ती अतिशय घातक आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड विषे पाण्यात सहज विरघळतात व कीटकांच्या मज्जातंतूंवरील ग्राहकांना घट्ट बिलगतात.

या शेवटच्या वर्गाची कथा अधिक सांगण्याजोगी आहे. यात कीटक लगेच मरतोच असे नाही. मे-माशीचे पिल्लू प्रथम खाणे सोडते. दगड धरून ठेवण्याची त्याच्या पायांची शक्ती जाते. प्रवाह त्याला वाहून नेतो. विषाची लाट केव्हाच ओसरलेली असते, पाणी निवळलेले असते, वरून पाहणाऱ्याला सर्व आलबेल वाटते; आणि पिल्लू मात्र शेवाळाने भरलेल्या दगडावर चार-आठ दिवसांनी उपाशी मरते. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत किती जीव मेले, एवढेच मोजणाऱ्या परीक्षेत अशा मृत्यूची नोंद होत नाही.

मात्रेची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करू. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले की, जेथे ओढ्या-कालव्यांच्या पाण्यात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण लिटरमागे २० नॅनोग्रॅमहून अधिक होते, तेथे कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या दरवर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होती. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तरीही आकडा विचार करावयास लावणारा आहे. २० नॅनोग्रॅम म्हणजे किती? १ ग्रॅम पदार्थ ५ कोटी लिटर पाण्यात मिसळला तर हे प्रमाण येते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे एक ग्रॅम विष बावीस-तेवीस शेततळ्यांना त्या पातळीस नेण्यास पुरे. कपाशीवर एका फवारणीत एकरी साधारण ८ ते १० ग्रॅम मूळ इमिडाक्लोप्रिड पडते. त्यातील शंभरावा भागच ओढ्यात गेला असे धरले, तर किती लिटर पाणी त्या पातळीस पोहोचेल, हे आठवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. उत्तर ४० लाखांहून कमी येणार नाही.

असे प्रत्यक्षात घडलेले आहे काय? घडलेले आहे, आणि विस्ताराने नोंदलेलेही आहे. कॅनडातील मिरामिची नदीच्या खोऱ्यात १९५४ च्या जून महिन्यात जंगलातील एका किडीचा नाश करण्यासाठी विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. लक्ष्य झाडावरची अळी होते. परंतु ओढ्यांतील कॅडिस माश्यांच्या व इतर कीटकांच्या अळ्या मेल्या, आणि त्यांवर पोसणारी सामन माशांची पिल्लेही नाहीशी झाली. मासेमारी संशोधन मंडळ त्या नदीतील माशांची मोजणी आधीपासून करीत होते, म्हणून हे जगाला कळले. राचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही हकीकत सविस्तर दिली आहे. जपानातील शिंजी सरोवराचे उदाहरण अलीकडचे आहे. भोवतालच्या भातशेतीत १९९३ च्या सुमारास निओनिकोटिनॉइड विषांचा वापर सुरू झाला. पाण्यातील सूक्ष्म प्राणी व तळातील अळ्या घटल्या आणि त्यांवर जगणाऱ्या वाकासागी या माशाची वार्षिक पकड सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय संघाने त्याआधीच, २०१८ मध्ये, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडीन आणि थायमेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली होती. आपल्या देशात २०११ साली एंडोसल्फान बंद झाले, २०१८ च्या आदेशाने अठरा कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद झाली. इमिडाक्लोप्रिड मात्र दुकानात आजही मिळते.

शिवनेचे पाणी मिरामिचीसारखे थंड व बारमाही नाही, मग आपल्याकडे परिणाम कमी होत असेल, असा तर्क कोणी करील. आमचे मत उलट आहे. बारमाही नदीतील कीटकाला फवारणीचा हंगाम टाळून वाढण्याची काही तरी संधी असते. शिवनेतील कीटकाला ती नाही. पाणी आषाढ ते कार्तिक. फवारणीही आषाढ ते कार्तिक. पहिली फवारणी आणि पहिली अंडी एकाच पंधरवड्यात पडतात. शिवाय लाट सर्वांना सारखीच मारीत नाही. डासाची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. विष ओसरताच डास परत येतात. डासांना खाणारे चतुराचे पिल्लू वाढण्यास दीड-दोन महिने, काही जातींत त्याहून कितीतरी अधिक काळ घेते. ते परत येईपर्यंत पाणीच आटलेले असते. गाळातल्या लाल अळ्या तेवढ्या तग धरून राहतात. म्हणून ज्या डबक्यात मे-माशी नाही, चतुर नाही, केवळ लाल अळ्या आणि डासांच्या अळ्या आहेत, ते डबके आजारी समजावे. मग हा आजार विषाचा आहे की सांडपाण्याचा, हे शोधणे पुढचे काम.

आणि हे प्रकरण किड्यांपाशी थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. मे-माशीच्या मज्जातंतूतील जे विकर ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे निकामी होते, तेच विकर माणसाच्याही शरीरात आहे. रोजाने फवारणीला जाणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. पंप दुसऱ्याचा, पीक दुसऱ्याचे, अंग मात्र त्याचे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे वडील व काका हे काम करतात. चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या पाण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी सत्याग्रह केला, ते पाणी सर्वांना पिता आले पाहिजे ही पहिली अट. ते पिण्याजोगे असले पाहिजे ही दुसरी. शिवना ज्या नाथसागराला मिळते, त्याचेच पाणी छत्रपती संभाजीनगर शहर पिते.

वर्गात हा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पहिले शील पाळायचे तर माझ्या वडिलांनी फवारायचेच नाही का?” प्रश्न सोपा नाही आणि आम्ही त्याला सोपे उत्तर दिले नाही. चार एकरांवर आठ माणसांचे घर चालविणाऱ्यास बोंडअळीला पीक खाऊ द्या असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. बुद्धांनी कर्माच्या विचारात चेतनेला प्राधान्य दिले आहे. ओढ्यातील मे-माशी मारण्याची चेतना कोणत्याही शेतकऱ्याच्या मनात नसते. परंतु पाणी गाळण्याच्या नियमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे, त्याकडेही पाहावे. जोवर ठाऊक नव्हते तोवर दोष नव्हता. वर्षावासाची प्रथाही अशीच सुरू झाली. पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू हिरवे गवत तुडवितात, लहान लहान जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. ती योग्य मानून भगवंतांनी भिक्षूंना तीन महिने एका ठिकाणी राहण्यास सांगितले. भिक्षूंनी चालणे सोडले नाही. केव्हा चालावयाचे नाही, ते ठरविले. फवारणीचेही तसे करता येते, एवढेच त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगू शकलो.

केव्हा फवारावयाचे नाही, हे ठरविण्याचे मार्ग कृषी विद्यापीठांनी सांगितलेले आहेत. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारणे हा मार्ग नव्हे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्काने काम भागते का ते पाहावे. आभाळ भरून आले असता फवारू नये. ओढ्याकडच्या बांधाला लागून काही हात पट्टा गवताचा राखावा. गढूळ पाणी त्यात अडते, आणि मातीला चिकटलेले विषही. दोन-तीन विषे एकाच पंपात कालवू नयेत. पंप शेतातच, पाण्यापासून दूर धुवावा. लेबलवरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय मुलांनी वडिलांना लावावी: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मात्र हे रंग माणसाच्या दृष्टीने ठरविलेले आहेत. मे-माशीला विचारून तो त्रिकोण रंगविलेला नाही.

शिवनेची पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. नदीला पूर असताना जाऊ नये. पाणी गुडघ्याखाली असावे आणि शिक्षक बरोबर असावेत. काठच्या शेतात नुकतीच फवारणी झाली असेल तर तो दिवस सोडावा. एकाने प्रवाहाच्या वरच्या अंगास उभे राहून पायाने तळाचे दगड एक मिनिट हलवावेत, दुसऱ्याने खालच्या अंगास चाळण धरावी. हेच नाला मिळतो त्या जागेच्या वर एकदा आणि खाली एकदा करावे. ताटातील जीवांचे गट करून मोजावे व वहीत तारीख, पाऊस, जवळच्या शेतातील पीक आणि फवारणीचा दिवस लिहावा. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या गुणपद्धतीत अत्यंत संवेदनशील जीवांना दहा गुण, चतुरांना आठ, लाल अळ्यांना दोन आणि गांडूळवर्गीय कृमींना एक गुण देतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही नद्यांसाठी त्याच धर्तीची पद्धत स्वीकारली आहे. त्या तक्त्यात दगडमाशीला वरचे स्थान आहे, पण ती थंड, खळाळत्या डोंगरी ओढ्यांची रहिवासी. ती शिवनेत दिसली नाही म्हणून लगेच कोणाला दोषी धरू नये.

एका वर्षाच्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पाऊस कमी-अधिक होतो, पाणी उशिरा येते. पाच वर्षांची वही असली तर ती बोलू लागते. मोजणी संपली की ताट तिरके करून सर्व जीव, जेथून घेतले त्याच दगडापाशी, हळूहळू पाण्यात सोडावेत. चाळण उलटी करून पाण्यात हलवावी, कारण कॅडिसच्या नळ्या जाळीला चिकटून राहतात.